तीन पावलं कमी

मला ताटली म्हणू नका. एवढं पाळणार असाल तर पुढचं सांगते.

मी एक तबकडी, हवेत फेकून झेलायची. पांढरी, प्लास्टिकची, वजन पावणेदोनशे ग्रॅम. साच्यातून बाहेर पडले त्या दिवशी माझ्यासारख्याच हजारभर जणी पडल्या, त्यामुळे माझ्या जन्माचा गाजावाजा काही झाला नाही.

दुकानातून मला उचललं ते कॉलेजच्या पहिल्या वर्षातल्या एका मुलीने. घरी येताच तिने धाकट्या बहिणीला गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेऊन उभं केलं. "हलायचं नाही हं. मी तुझ्या हातात आणून देते," म्हणाली. त्या दिवशी मी शेजाऱ्यांच्या गॅलरीत दोनदा आणि एका स्कूटरवर एकदा जाऊन आले. पण आठवड्याभरात धाकटी जागच्या जागी उभी राहून मला झेलू लागली.

कॉलेजात या खेळाचा संघ नव्हता. तिने तो जमवला. फुटबॉलवाल्यांनी घालवून दिलेले चौघे, मैदानावर चुकून आलेले दोघे आणि कशाला ना कशाला धडकल्याशिवाय चालता न येणारा एक लांबू. दोन वर्षांनी धाकटी त्याच कॉलेजात दाखल झाली आणि तिच्या 'ताई, ताई'मुळे अख्खा संघच थोरलीला ताई म्हणू लागला. तिच्याहून वर्षाने मोठा लांबूसुद्धा. प्रशिक्षक म्हणून ग्रंथपाल सर मिळाले. संध्याकाळी मोकळे तेवढेच होते.

खेळ सोपा आहे. एकेका बाजूला सात जण. मला हातात धरून पळायचं नाही, फक्त फेकायचं. समोरच्या टोकाच्या पट्ट्यात आपल्या माणसाने झेललं की गुण. पंच नसतो. चूक झाली तर ज्याची त्याने कबूल करायची. हाच नियम एखाद्या कचेरीला लावला तर कामकाज तासाभरात बंद पडेल.

सामना संपला की सगळ्यांनी गोल करून बसायचं, ही ताईने घातलेली पद्धत. मी हातोहात फिरायची. ज्याच्या हातात मी, त्याने बोलायचं आणि खरंच बोलायचं. बाकीच्यांनी गप्प बसायचं.

गेल्या वर्षी शेवटच्या सामन्यात मला झेलायला ताईने अंग झोकून दिलं. झेललं, आणि ती उजव्या खांद्यावर पडली. त्या झेलाचं कौतुक सगळ्यांनी केलं, खांद्याने केलं नाही. ऑपरेशन झालं. सहा महिने मी कपाटावर जुन्या स्वेटरांखाली पडून होते. खालून रोज धाकटीचा आवाज यायचा, "अजून दहा वेळा, ताई. रड, पण हात वर कर."

या हंगामात ती परतली. कॉलेजचं शेवटचं वर्ष, म्हणजे शेवटचा हंगाम. माझ्या कडेवर तिची तीच बोटं बसली. पण हातून सुटताना जी गिरकी मिळायची, ती मिळाली नाही. जिथे पोचायचं त्याच्या तीन पावलं अलीकडेच मी खाली येऊ लागले. आता जमिनीवर आपटणार, तोच धाकटी पुढे धावली आणि तिने मला झेललं. जणू तसंच ठरलं होतं. मग लांबूनेही तेच केलं. हळूहळू सगळेच करू लागले. कुणी कुणाला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

ताईला वाटलं, फेक परत आली. घरी जाऊन तिने आईला हात गरगर फिरवून दाखवला. "बघ, नव्यासारखा!" धाकटी ताटात बघत जेवत राहिली.

समोरच्या संघांना ही गोष्ट दुसऱ्याच सामन्यात कळली. यांची माणसं लांब पळतच नाहीत, फेकणाऱ्याकडे तीन पावलं परत येतात. ते बरोबर तिथेच वाट बघत उभे राहू लागले.

चौथ्या सामन्यानंतर सगळे गवतावर गोल करून बसले. सरांनी चष्मा लावून कागद काढला. "हंगामाचा पहिला महिना संपला. चार सामने, एक विजय. तोही त्यांच्या तिघांची बस चुकली म्हणून. तर बोला, कुठे अडतंय?"

मी फिरू लागले. एकाने वाऱ्याला दोष दिला, दुसरीने मैदानाच्या उताराला. लांबू म्हणाला, "डोळ्यांवर ऊन येत होतं."

"ढग होते रे लांबू दिवसभर," ताई म्हणाली. सगळे हसले, जरा जास्तच.

मग मी ताईकडे आले. "मी सांगते. मी लांब फेकतेय आणि तुम्ही सगळे लवकर परत येताय. सर, यांना आधी लांब पळायची सवय लावायला हवी."

सगळे गवत उपटू लागले. सर चष्मा पुसत बसले.

शेवटी मी धाकटीच्या हातात. "दे ना पुढे," लांबू कुजबुजला. तिने दिलं नाही.

"ताई, तुझी फेक पोचत नाही."

"काहीतरीच काय?"

"पोचत नाही गं. आम्ही पुढे येऊन झेलतो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

ताईने एकेकाकडे पाहिलं. स्वतःची चूक हात वर करून सांगणारी ही मुलं. पण तिची चूक त्यांनी महिनाभर झाकली होती, आणि झाकता झाकता तीन सामने हरली होती.

ती उठली. मला हातात घेतलं. "जा, पट्ट्याच्या त्या नारंगी खुणेपाशी उभी राहा," धाकटीला म्हणाली. "हलायचं नाही."

तिने होतं नव्हतं तेवढं सगळं बळ मला दिलं. मीही कसूर केली नाही. प्लास्टिकला जेवढं झटता येतं तेवढी झटले. पण खुणेच्या तीन पावलं अलीकडे गवतावर पडले. धाकटी दोन्ही हात पुढे करून उभी होती, डोळे वाहत होते, पण हलली नाही.

ताई चालत आली. वाकून मला उचललं. उरलेली तीन पावलं चालून तिने मला धाकटीच्या हातात ठेवलं.

"आणून देते म्हटलं होतं ना," ती म्हणाली.

पुढच्या सामन्यात मला धाकटीने फेकलं. ताई रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या भरत होती. संघ जिंकला. धाकटी कुणाच्याही गळ्यात न पडता थेट रेषेकडे धावली. ताईने टाळ्या वाजवल्या, डाव्या हाताने मांडीवर.

आता माझ्या कडेला चीर गेली आहे. संघाने नवी आणली, मी पुन्हा कपाटावर स्वेटरांशेजारी. कधीमधी ताई मला खाली काढते, धूळ पुसते, कडेवर बोटं बसवून पाहते आणि ठेवून देते. फेकत नाही.

तुमच्याही घरात कुणाचा हात असा उणा पडत असेल, तर गुपचूप पुढे येऊन झेलू नका. त्याला सांगा. आणि सांगून झाल्यावर तिथेच खुणेपाशी उभे राहू नका, तीन पावलं जवळ या. त्याला दिसेल असे या.

धाकटीला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. मी तर कपाटावर आहे. गल्ली तीच आहे, आणि तेवढ्या अंतरात ताईच्या हातून मी अजून पोचेन.