बर्फगाडीची ट्रायल

सिंगापुरात बर्फ दोनच ठिकाणी दिसतो, सरबताच्या ग्लासात आणि मासळीच्या टोपलीत. तरी सत्त्याण्णव साली तुआसमधल्या आमच्या वर्कशॉपमध्ये बर्फावर पळणारी गाडी आली आणि तिच्यापायी मला हा देश सोडावा लागला. अर्थात गाडी बिचारी निर्दोष होती.

वर्कशॉप प्रबोधचं. आम्ही एकाच जहाजावर ज्युनिअर इंजिनिअर होतो, एका केबिनमध्ये राहिलेलो. त्यानं समुद्र सोडून जहाजांचे टर्बो दुरुस्त करायचा धंदा टाकला आणि मला बोलावून घेतलं. पोरगी मोठी होईल आणि तू तिला फक्त फोटोत दिसशील, असं म्हणाला. ते मला लागलं. मी जहाज सोडलं, चोआ चू कांगला भाड्यानं फ्लॅट घेतला. बायको मेधा आणि पोरगी किमया आल्या. रोज सकाळी किमयाचं बोट धरून तिला शाळेत सोडायचं, एवढं सुख मला पुरेसं होतं. माझा एम्प्लॉयमेंट पास प्रबोधच्या कंपनीवर, म्हणजे तिघांचं इथलं राहणं त्याच्या मर्जीवर. तेव्हा ते जाणवलं नाही. मित्र होता ना.

गाडी मिस्टर लिम यांची. त्यांच्या टग बोटी होत्या आणि वर्कशॉपचं निम्मं काम त्यांच्याकडून यायचं. जपानात होक्काइडोला, समुद्राकाठी, त्यांचं सुट्टीचं घर होतं. तिथल्या रानवाटांवर फिरवायला त्यांनी अमेरिकेतल्या उंच डोंगरातल्या कुणाकडून टर्बो बसवलेली स्नोमोबाइल घेतली. उंचावर हवा विरळ, म्हणून तिथं टर्बोनं जोर लावून हवा कोंबावी लागते. समुद्रसपाटीवर तेवढा जोर इंजिनाला झेपत नाही. तो उतरवायचा, पेट्रोल वाढवायचं आणि वळणावळणाच्या वाटेवर गाडी अंगावर धावून न येता शहाण्यासारखी चालेल असं बघायचं. लिमना वाटलं, बोटीचा काय आणि गाडीचा काय, टर्बो तो टर्बो. प्रबोधनं हो म्हणून टाकलं आणि काम माझ्या गळ्यात मारलं.

मला मजा आली, खोटं कशाला बोलू? गाडी लोखंडी घोडीवर चढवली, मागचा पट्टा अधांतरी ठेवला. या गाडीचं इंजिन बर्फाच्या फवाऱ्यानं गार होतं, म्हणून जुराँगच्या मासळी बंदरातून लाद्या आणून तिच्या पोटाखाली फोडायचो. सगळ्या वर्कशॉपला बांगड्याचा वास. टर्बोचा जोर बेताचा केला. पेट्रोल सोडणारे कार्ब्युरेटरचे जेट मात्र मी इथली हवा बघून निवडले नाहीत. होक्काइडोत हवा गोठवणारी. गार हवा दाट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. ते कमी पडलं की आतली आग भडकते आणि पिस्टन वितळतो. म्हणून मोठे जेट घातले. इथल्या उकाड्यात गाडी खोकणार, धूर ओकणार, हे मी प्रबोधला आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं मानही हलवली होती.

पण आम्हा जहाजवाल्यांची एक रीत आहे. काम झालं की मालकासमोर ट्रायल. ट्रायलला दिसलं ते खरं, आणि मालकानं पसंत केलं की त्यानंतर इंजिनाला कुणी हात लावायचा नाही. जहाजाला ती शोभते. जहाजाची ट्रायल समुद्रावर होते आणि जहाज समुद्रावरच चालतं. बर्फातल्या गाडीची ट्रायल घामाच्या धारा पुसत घ्यायची, हा शहाणपणा फक्त आम्हालाच सुचू शकतो.

लिम आले. गाडी खोकली, निळ्या धुरानं त्यांचा पांढरा शर्ट काळवंडला. "दिस वन सिक, आ?" एवढंच ते म्हणाले. मी समजावून सांगायला पुढे झालो, तर प्रबोध हसून म्हणाला की आमचा पद्माकर जरा पुस्तकी आहे, उद्या या. दुसऱ्या दिवशी लिम यायच्या आत त्यानं स्वतःच्या हातानं छोटे जेट घातले. गाडी गाऊ लागली. लिमनी टाळ्या वाजवल्या.

ते गेल्यावर मी म्हटलं, आता जेट बदलून देतो, मग गाडी पाठवायच्या पेटीत घाल. तो म्हणाला, ट्रायल झालेल्या इंजिनाला हात लावायचा नाही. मी म्हटलं, अरे, तिकडे पिस्टन वितळेल. तो म्हणाला, मग मालकाला काय सांगू, आज दाखवलं ते खोटं होतं? मी भांडलो. आवाज चढला, पाना आपटला. शेवटी त्यानं पेटीला स्वतः खिळे ठोकले आणि मी मूग गिळून घरी आलो, कारण पास त्याच्या हातात होता.

जानेवारीत लिमचा फोन आला. घरापासून लांब, भर रानात पिस्टनला भोक पडलं. लिम बर्फ तुडवत परत आले आणि दोन बोटांना हिमबाधा झाली. प्रबोध माझ्यासमोर उभा राहून फोनवर म्हणाला, "ट्यूनिंग माझ्या माणसानं केलं. मी त्याला काढतोय." फोन ठेवून त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला. लिम गेले तर वर्कशॉप बुडेल, सगळे रस्त्यावर येतील, तू एकटा सांभाळून घे, तुला चांगलं जहाज मिळवून देतो. माझी जहाजाची वाट त्याच्याकडूनच जात होती. इतकी वर्षं किनाऱ्यावर काढलेल्या माणसाला घेण्याआधी कंपनी मागच्या मालकाला विचारते, आणि मागचा मालक तोच.

पास रद्द झाला. मेधा आणि किमया पुण्याला, मी पुढे रॉटरडॅमला जहाजावर, असं ठरलं. तेही कंपनीनं प्रबोधशी बोलल्यावर पक्कं होणार होतं, आणि तो फोन अजून व्हायचा होता. चांगी विमानतळावर पोचवायला तो स्वतः आला, मिठाईचा पुडा घेऊन. मेधानं पुडा घेतला नाही. बाकावर ठेवून दिला आणि तोंड फिरवून उभी राहिली.

किमया माझा हात धरून होती. तिनं विचारलं, "बाबा, अंकल सेड यू स्पॉइल द मशीन. ट्रू आ?"

प्रबोध माझ्याकडे बघत होता. मी हो म्हटलं.

"देन से सॉरी टू अंकल, लाह."

शाळेत तिला तेच शिकवलेलं. चुकलं की सॉरी म्हणायचं. ती वाट बघत राहिली, आणि मी माझ्या मुलीसमोर त्याला सॉरी म्हणालो.

प्रबोधनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे रे, होतात चुका," म्हणाला, आणि त्यानं मला माफ केलं.