पाखरीचे कान

कोल्हारच्या शाळेच्या पटांगणात आज कुत्र्यांची नोंदणी होती, आणि बनुबाई दिवस उजाडताच कात्री घेऊन अंगणात बसली होती. डेअरीवरच्या हनुमंतानं काल सांगितलं होतं, की अस्सल कारवानी कुत्र्याला दाखला मिळणार आणि जे मिश्र ठरेल त्याचं नसबंदीचं ऑपरेशन तिथंच उरकणार. हनुमंताला दुधातल्या पाण्याखेरीज कशाचीच खात्री नसते. पण माणूस एकदा घाबरलं की असला विचार करत नाही.

तिच्या कुत्रीचा, पाखरीचा बाप कारवानी, उंच, चोपून बसलेल्या केसांचा. आई झिपरी मात्र पश्मी जातीची, कानाला नि शेपटीला लांब केसांची झालर असलेली. दिवाळीत उसातल्या बिबट्यानं झिपरीला नेलं. तिचं म्हणून आता एकटी पाखरी उरली होती, आणि तो वंश तिथंच खुंटावा हे बनुबाईला सोसणारं नव्हतं. म्हणून तिनं शेळ्यांच्या कात्रीनं पाखरीच्या कानांची झालर उतरवली, शेपटीही भादरली.

पटांगणात डॉक्टर सुनीतीनं पाखरीची उंची मापली, छाती मापली आणि कानावरून बोट फिरवलं.

"मावशी, केस कापलेत का हिचे?"

चोराच्या मनात चांदणं. "उन्हाळा लई हाय," बनुबाई म्हणाली. जानेवारी चालू होता.

"आई पश्मी होती?" सुनीतीनं हळूच विचारलं.

मग बनुबाईचा धीर सुटला. "व्हय. पर ते कारवानी-पश्मी तुमच्या कागदावर. आमच्यात कुत्री तीनच. पळनारी, राखनारी आन् नुसती खानारी. ही पळती बी आन् राखती बी. मिश्र लिवायचं तर लिवा बाई, पर हिचं आप्रेशन करू नका. हिच्या आईच्या मागं दुसरं कुनी न्हाई."

"ऑपरेशन? तुमच्या सहीशिवाय कुणी हातही लावणार नाही. आणि मिश्र लिहिलं तरी दाखला मिळतोच की."

बनुबाईनं हनुमंताच्या सात पिढ्यांचा मनातल्या मनात उद्धार केला. मग तिची नजर पाखरीच्या उघड्या कानांकडे गेली आणि तिला स्वतःचीच लाज वाटली. झिपरीची राहिलेली खूण तिनं आपल्याच हातानं कापली होती.

सुनीतीनं 'मिश्र' लिहिलं आणि दाखल्यावरच्या फोटोसाठी मोबाईल उचलला. बनुबाईनं पुढं होऊन पाखरीचे दोन्ही कान तळव्यांनी झाकले.

"आज नगं, बाई," ती म्हणाली. "केस येऊ द्या. आईवर गेलीय ती."