मंगळवारी गार पडणारा देव

रांग तळघराच्या जिन्यातून वर येऊन रस्त्यावर आली होती, बुटांच्या दुकानापाशी वळली होती आणि पार पोस्टाच्या दारापर्यंत गेली होती. पोस्टात कामासाठी येणाऱ्यांना आत शिरायला वाट मागावी लागत होती. रांगेतली माणसं वाट देत, पण जरा रागानेच. देवाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तिकीट घ्यायला आलेल्या माणसाची कीवच येते.

खाली तळघरात मागच्या भिंतीला टेकून एक दगडी देव बसला होता आणि त्याचा उजवा हात गरम होता.

उन्हात तापलेल्या दगडासारखा नव्हे, तर नुकताच चहाचा कप खाली ठेवलेल्या माणसाच्या हातासारखा. बाकीचं अंग गार, हात तेवढा ऊबदार. लोक एकेक करून आत जात, तो हात आपल्या दोन्ही हातांत धरत आणि डोळे पुसत बाहेर येत. त्यात एकटी राहणारी माणसं जास्त होती, हे रांगेकडे नुसतं पाहिलं तरी कळत होतं. कुणाच्याच सोबत कुणी नव्हतं.

देवाशेजारी एक माणूस उभा असे. तो स्वतःला पुजारी म्हणवत नसे, सोबती म्हणवत असे. आवाज मऊ, अंगात साधा राखाडी सदरा, आणि जीभ अशी की ऐकणाऱ्याने हातातली छत्री विसरून जावी.

"जुने देव गेले कुठे?" सोबती सांगत होता. "कुठेच नाही. देवळं पडली, नावं पुसली गेली, तेव्हा देवांनी शहरात भाड्याच्या खोल्या घेतल्या. कुणी लिफ्टच्या खोबणीत राहिला, कुणी टेलिफोनच्या तारेत. हाक मारणारं कुणी उरलं नाही, म्हणून ते एकेक करून गारठत गेले. हा शेवटचा. याचा हात अजून गरम आहे, कारण याला अजून तुमची आठवण आहे."

'गारठत गेले' या शब्दांपाशी रांगेत हमखास हुंदका येई. त्या दिवशीही आला. फक्त चष्मेवालीला आला नाही. तिचं तोंड उघडं राहिलं होतं, कारण ही वाक्यं तिची होती. एकूण एक, स्वल्पविरामासकट.

चष्मेवालीचं दुकान कोपऱ्यावर होतं. दिवसभर ती लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढी, काड्या सरळ करी, नाकावरचे चिमटे बदली. संध्याकाळी घरी येऊन लिही. शहरात लपूनछपून राहणाऱ्या विसरलेल्या देवांची एक जाडजूड कादंबरी तिने लिहिली होती आणि पदरमोड करून छापलीही होती. ओळखीच्यांनी एकेक प्रत नेली, काहींनी ती रद्दीत घातली, आणि पुन्हा तो विषय कुणी काढला नाही. एका मावसभावाने तर तिच्या देखत ती डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल डुगडुगायचं थांबलं, हे तिलाही मान्य करावं लागलं. उरलेल्या प्रती पलंगाखाली होत्या.

पलंगावर ताई निजे. ताई म्हणजे तिची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती इथे राहायला आली. तिला काचबिंदू होता. या दुखण्यात डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने झिजत जाते. गेलेली नजर परत येत नाही, पण रोज थेंब घातले तर उरलेली टिकते. ताई इमानाने थेंब घाली. बाकी दिवसभर तिला काम नव्हतं. धाकटी सकाळी दुकानात जाई, परत येऊन जेवे आणि भिंतीकडे तोंड करून लिहायला बसे. दोघी भांडत नसत. भांडायला सुद्धा दोन वाक्यं लागतात.

मग एक दिवस चष्मेवालीच्या लक्षात आलं, की थेंबांची बाटली भरलेलीच आहे. महिना उलटत आला तरी भरलेली. तिने विचारलं, तेव्हा ताईने शांतपणे सांगितलं, की ती रोज तळघरात जाते, त्या हातावर डोळे टेकते, आणि सोबती म्हणाला आहे की हात आणि बाटली एकत्र चालत नाहीत. देवाला संशय आवडत नाही. म्हणून धाकटी त्या दिवशी दुकान बंद करून रांगेत उभी राहिली होती.

सोबत्याची पुढची वाक्यंही तिचीच निघाली. "ज्याच्या डोळ्यांवर त्याने हात ठेवला, त्याला अंधारातही दिसू लागलं," सोबती म्हणाला. हे वाक्य आपण कधी लिहिलं ते चष्मेवालीला पक्कं आठवत होतं. ताईच्या दुखण्याचं नाव डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा सांगितलं, त्या आठवड्यात.

दुसऱ्या दिवशी ती कादंबरीची प्रत घेऊन गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, की हे सगळं मी लिहिलंय, मनाने रचलंय, हा माणूस पाठ करून म्हणतोय. तिला वाटलं होतं की सोबती आता गडबडेल. तो कसला गडबडतो. त्याने पुस्तक हातात घेतलं, डोळ्यांना लावतात तसं जवळ धरलं आणि मायेने विचारलं, "बाई, खरं सांगा. हे तुम्ही जुळवलंत, की तुम्हाला सुचलं?"

"सुचलं," ती म्हणून गेली.

"सुचलं. म्हणजे आलं. मग पाठवलं कुणी?"

मग लोक मागे सरकले, कुणीतरी खुर्ची आणली आणि तिला देवाच्या बाजूला बसवलं. एका म्हाताऱ्या गृहस्थाने तिच्या कादंबरीतले परिच्छेदच्या परिच्छेद तोंडपाठ म्हणून दाखवले. एक बाई म्हणाली, की तुमच्या शब्दांनी मी तगले. इतकी वर्षं पलंगाखाली पडलेली वाक्यं माणसांच्या तोंडी ऐकताना चष्मेवालीला काय वाटलं असेल ते ज्याचं त्याने ताडावं. ती त्या खुर्चीवर गरजेपेक्षा बराच जास्त वेळ बसली, एवढं खरं.

तेवढ्यात ताई आत आली. दाराची डावी चौकट तिला दिसलीच नाही. खांदा सणकून आपटला. ताई हसली, खांदा चोळला आणि चाचपडत हाताकडे निघाली. पूर्वी ती चौकट तिला दिसत असे.

चष्मेवाली उठली आणि घरी गेली.

आता तिने खुर्चीचा मोह बाजूला ठेवून विचार सुरू केला. सोबत्याचं बोलणं तिने मनातल्या मनात आपल्या पानांशी ताडून पाहिलं. सगळं तिचं. तिची चूकसुद्धा त्याने उचलली होती. सहाव्या प्रकरणात लढाईत देवाचा उजवा हात तुटतो आणि विसाव्यात तो त्याच हाताने दार उघडतो. लिहिताना ती विसरली होती. सोबती मात्र गंभीर चेहऱ्याने सांगे, की तुटलेला हातच गरम असतो, हे गूढ आहे. चुकीचं गूढ करायला फार कष्ट पडत नाहीत, कुणी उलट विचारलं नाही म्हणजे झालं.

फक्त एक गोष्ट तिची नव्हती. तळघर मंगळवारी बंद असे. "मंगळवारी देव निजतो," सोबती सांगे. तिच्या चारशे पानांत एकाही देवाला आठवड्याची सुट्टी नव्हती. बिचारे सगळे देव रोज राबत होते. मग हा मंगळवार आला कुठून? पुस्तकातून नाही, म्हणजे बाहेरून. आणि जे मी रचलेलं नाही, त्याला काहीतरी कारण असणार.

मंगळवारी ती इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेली. या गल्लीत तिचं कधी काम पडत नसे. रांगेतल्या कुणाचंच पडत नसेल, कारण दोन्ही रस्त्यांची तोंडं वेगळ्या दिशांना होती. गल्ली उतारावर खाली होती, आणि तिथे तळघराच्या बरोबर पाठीला पाठ लावून एक बेकरी होती. शटर खाली ओढलेलं. वर पाटी होती, मंगळवारी बंद.

बुधवारी तिने बेकरीवाल्याला गाठलं. हा पिठाने पांढरा झालेला, तोंडाळ आणि दिलदार माणूस. त्याने तिला भट्टीच्या मागे नेलं. भिंतीतली एक वीट काढली होती आणि तिच्या जागी मनगटाएवढी जाड लोखंडी कांब पलीकडे गेली होती. शेजारच्या भाडेकरूने घातली, बेकरीवाल्याने सांगितलं. तळघरात ओल येते, भिंत कोरडी राहील म्हणाला. मी म्हटलं घाल बाबा, माझ्या भट्टीची ऊब काय मी बांधून नेणार आहे. देव पाहायला मात्र तो गेला नव्हता. पहाटेपासून पाव भाजायचे आणि दिवसा रांगेत उभं राहायचं, एवढी भक्ती त्याच्यात नव्हती.

चष्मेवालीने त्याला सगळं सांगितलं, ताईच्या डोळ्यांसकट. त्याचं हसणं थांबलं. भट्टीच्या तळाच्या विटा बदलायच्याच होत्या, तर त्या शुक्रवारी बदलतो, म्हणजे गुरुवारी दुपारपासून भट्टी थंड राहील, असं तो म्हणाला.

शुक्रवारी रांगेतली पहिली बाई आत गेली आणि स्वतःच्या तळव्याकडे पाहत बाहेर आली. दुसरा माणूस तसाच. कुजबुज सुरू झाली. सोबत्याने हात चाचपला आणि त्याचा चेहरा उतरला, पण जीभ शाबूत होती. आपल्यात कुणीतरी संशयी आलंय, त्याने सांगितलं. देव दुखावलाय. लोकांनी माना वळवून चष्मेवालीकडे पाहिलं. कालपरवा खुर्ची देणारेच आता तिच्यापासून हातभर लांब उभे होते.

"मागची बेकरी आज बंद आहे," ती म्हणाली. "म्हणून हात गार आहे. दर मंगळवारी होतो तसा."

"बेकरीचा आणि देवाचा काय संबंध?" सोबत्याने विचारलं.

"तोच बघायला चला. लांब नाही, वळसा घालून यायचं. अर्धे लोक इथेच थांबा आणि कान द्या."

तिच्यामागून थोडेच लोक गेले. बाकीचे देवाजवळ थांबले, त्यात ताईही होती. बेकरीवाल्याने भट्टीमागची कांब सगळ्यांना दाखवली, मग हातोडा उचलला आणि तिच्यावर तीन ठोके घातले.

तळघरात देवाचा हात टण् टण् टण् वाजला.

दगड असा वाजत नाही. तो हात धरून उभी असलेली बाई किंचाळून मागे सरली. ठोके पुन्हा पडले, हात पुन्हा वाजला आणि मनगटावरच्या गिलाव्याचा टवका उडून खाली पडला. आत काळं लोखंड दिसलं, वर दगडाची पूड कालवून लावलेला थर. भट्टी पेटली की कांब तापे आणि कांबेचं टोक म्हणजे देवाचा हात. चमत्कार म्हणून जे काय होतं ते एवढंच. चमचा चहात राहिला की त्याचा दांडा तापतो, हे त्या रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. या हाताला तेच होत असेल, हे कुणाच्या मनात आलं नाही, कारण कुणाला ते मनात यायला नको होतं.

लोक वळसा घालून परत येईपर्यंत सोबती निसटला होता. कादंबरीची प्रतही घेऊन गेला होता. चष्मेवालीचा तेवढाच एक खरा वाचक, तोही असा निघाला. लोक हळूहळू पांगले. आभार कुणी मानले नाहीत. दोघांतिघांनी तर तिच्याकडे जळजळीत नजरेने पाहिलं, आणि तिला त्यांचा राग आला नाही.

ताई तिथेच बसून होती. तो गार हात अजून तिच्या हातात होता.

"ताई, चल."

"भट्टीच होती ना?"

"हो गं."

"भट्टीचं मला दुःख नाही. पण तो रोज माझ्याशी बोलायचा. अमुक देव कुठे राहिला, काय खाऊन जगला, सगळं सांगायचा. ते सगळं तू लिहिलेलं होतं म्हणतेस. मग मला ते परक्या माणसाच्या तोंडून का ऐकावं लागलं?"

धाकटी तिच्या शेजारी जमिनीवर बसली.

"ते डोळ्यांवर हात ठेवल्याचं, तेही तुझंच?"

"माझंच. तुझ्या डोळ्यांचं कळलं तेव्हा लिहिलं. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. ते खरं नाहीये, ताई. खरे फक्त थेंब आहेत. कडू लागतात घशाला, पण तेवढेच खरे आहेत."

ताईने देवाचा हात सोडला आणि म्हणाली, "घाल मग."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले. डाव्या बाजूची एक पट्टी गेली होती, ती परत येणार नव्हती. बाकीची नजर थेंब चुकवले नाहीत तर टिकेल, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. खोटी आशा दाखवली नाही आणि भीतीही घातली नाही. बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या, तेव्हा ताईने विचारलं, "त्या मेल्याचं सांगून पुरं झालंच नाही. शेवटी त्या देवाचं होतं काय?"

"काही होत नाही. कुणालाच आठवत नाही तो. एकटाच राहतो."

"मग हात कसा गरम राहतो?"

"मी लिहिलंय म्हणून."

ताईला हसू फुटलं, इतकं की बाकावरची माणसं पाहायला लागली. "अगं मग हे पहिल्या पानावर छापायचं होतंस."

तर वाचणाऱ्यांनो, ती चष्मेवाली मीच, आणि ते इथे छापते: देवाचा हात गरम राहतो, कारण मी तसं लिहिलंय. देवांच्या गोष्टी खुशाल ऐका, रडा, पाठ करा. गोष्टीने कुणाचं वाईट होत नाही. पण गोष्ट औषधाच्या बाटलीवर हात ठेवू लागली, की उठा आणि वळसा घालून भिंतीपलीकडे काय आहे ते आपल्या डोळ्यांनी पाहून या. आणि घरातलं कुणी रोज त्या रांगेत जाऊन उभं राहत असेल, तर त्याला हसू नका. त्याच्याशी शेवटचं कधी बोललात, तेवढं आठवून पाहा.