सासऱ्यांची दोन बनियनं

बनियनं सासऱ्यांची होती आणि ती मातीत पुरायची कल्पना धाकटीची. थोरलीला यातलं काहीच पटलं नव्हतं. पण तिला विचारलं कोणी होतं?

खरं तर विचारायला हवं होतं. दोघी जावा पर्यावरणाचं काम करणाऱ्या एकाच संस्थेत होत्या, आणि जमिनीच्या आरोग्याचं धोरण हे खातं थोरलीचं होतं. ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावर दोन खोल्या, खिडकीत ओळीनं मांडलेल्या मातीच्या बरण्या आणि त्या बरण्यांमागे ती. येऊ घातलेल्या शेतजमीन कायद्यातलं सातवं कलम तिनं शब्द न् शब्द घडवलेलं. प्रत्येक शेतातल्या मातीची ठरावीक काळानं तपासणी व्हावी, तिच्यात सेंद्रिय कर्ब किती उरलाय ते कुणालाही बघता यावं आणि जो माती जपेल त्याला सरकारी मदत आधी मिळावी. त्यासाठी ती माती काढायचं गिरमिट खांद्यावर टाकून उन्हातान्हात हिंडली होती. कायद्याचा मसुदा बघणाऱ्या समितीपुढे आलेखही मांडून आली होती, एकदा नव्हे, अनेकदा. दर वेळी अध्यक्षांनी कान खाजवला होता.

"तुमचं सगळं खरं असतं हो," संस्थेचे संचालक एकदा म्हणाले होते, "पण ऐकवत नाही."

तेव्हा तिनंच, स्वतःच्या तोंडानं, जावेचं नाव सुचवलं. धाकटी जाहिरातींच्या कंपनीत होती. फरशी पुसायचं कुठलंसं द्रावण तिनं घरोघरी पोचवलं होतं. "पत्रकं-बित्रकं करेल," थोरली म्हणाली होती. धाकटी आली, आणि बघता बघता शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तिच्या टेबलाभोवती चहा प्यायला लागले. थोरलीच्या टेबलाशी लोक यायचे ते सही घ्यायला.

त्यात ही बनियनं. सुती कापड जिवंत मातीत पुरलं तर मातीतले जीवजंतू ते खाऊन फस्त करतात. दमलेल्या, मेल्यासारख्या मातीत ते तसंच पडून राहतं. ही गोष्ट थोरलीनंच एकदा जेवताना सांगितली होती. तेव्हा सगळ्यांनी "हो का?" म्हणून पुढचा घास घेतला होता. तीच गोष्ट धाकटीनं ऑफिसात सांगितली आणि संचालक खुर्चीतून उठून उभे राहिले.

सासरे तर हरखूनच गेले. "म्हणजे माझी बनियनं सरकार बघणार?"

"तुमचं नाव नाही हो सांगणार, बाबा."

"सांग की! जन्मभर नोकरी केली, कुणी शर्टाकडेसुद्धा बघितलं नाही."

दोन शेतांत दोन बनियनं पुरली गेली. पुढे ती उकरली तेव्हा, वर्षानुवर्षं जपलेल्या शेतातल्या बनियनाची नुसती शिवण उरली होती, जाळ्याच्या दोऱ्यासारखी. दुसऱ्या शेतातलं अख्खंच्या अख्खं निघालं, फक्त तपकिरी झालेलं. सातवं कलम ठेवायचं की गाळायचं हे ज्या बैठकीत ठरणार होतं, तिथं धाकटीनं बोलायचं आणि थोरलीनं शेजारी बसायचं, असं संचालकांनी जाहीर केलं. "लागलं तर," ते म्हणाले.

लागलं तर! गाडीच्या डिकीतल्या स्टेपनीसारखं.

बैठकीच्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलावर काचेची पेटी तयार होती. धाकटी आत केस वाळवत होती. थोरलीनं चहाचा कप ठेवला आणि पेटीचं झाकण सहज उघडलं. अख्ख्या बनियनाला बोट लावलं, आणि बोट तिथंच थांबलं. कापड किंचित गुळगुळीत लागत होतं. सुती कापड इतके दिवस ओल्या मातीत राहून असं लागत नाही. तिनं खालच्या कडेचा एक धागा ओढला, स्वयंपाकघरात जाऊन गॅसच्या ज्योतीवर धरला. सुताची राख होते, फुंकर मारली की उडून जाते. या धाग्याच्या टोकाला काळा, कडक मणी झाला.

भेसळ. निम्मं तरी पॉलिस्टर.

म्हणजे त्या दमलेल्या मातीनं ते खाल्लं नाही, यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. आणि बैठकीला खत उत्पादकांच्या संघटनेचा सल्लागार येणार होता. कापडाची जात विचारल्याशिवाय सोडणाऱ्यातला तो माणूस नव्हे.

थोरलीला वाईट वाटायला हवं होतं. पण मनात उकळ्या फुटत होत्या. तिनं तो मणी कागदी रुमालात गुंडाळला, पर्समध्ये टाकला आणि गार झालेला चहा ती चवीनं प्यायली. मला कुणी विचारलंय का? नाही ना. मग बोलू दे की बाईसाहेबांना. ऐकू दे समितीला, जे इतकं ऐकवतं ते!

टॅक्सीत धाकटी पेटी मांडीवर घेऊन बसली होती.

"ताई, काही राहिलंय का गं? तू बघितलंस म्हणजे मला बरं वाटेल."

"सगळं छान आहे," थोरली खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"आणि कापडाचं विचारलं तर? बाबा लेबलं कापून टाकतात ना, मानेला टोचतात म्हणून. पण मी सांगेन, आमच्या शास्त्रज्ञांनी स्वतः तपासून दिलीत. तुझं नाव घेतलं की पुढे कुणी तोंड उघडत नाही."

"मी कधी तपासली?"

"अगं, असं काय करतेस? दारात उभी राहून विचारलं नव्हतं का, दोन्ही सुतीच आहेत ना? तू म्हणालीस, हो गं हो."

म्हणाली होती. ती तेव्हा कलमातला एक शब्द बदलत होती. धाकटी दोन बनियनं हातात फडकवत दारात आली, आणि या पोरखेळाकडे बघायचंसुद्धा नाही म्हणून थोरलीनं मान वर न करता "हो गं हो" म्हटलं होतं. माती तोलताना जिला वाऱ्याची झुळूकही चालत नाही, तिनं न बघता हो म्हटलं होतं. पर्समधला तो मणी धाकटीचा नव्हताच.

सांगायचं तर ती वेळ हीच होती. पण सांगायचं म्हणजे धाकटीकडे वळून "माझं चुकलं" म्हणायचं, आणि एवढं मात्र तिच्या तोंडातून निघेना. टॅक्सी थांबली, लिफ्ट वर गेली, तरी निघालं नाही.

समितीच्या दालनात धाकटीनं पेटी उघडली आणि पाचच मिनिटांत सगळ्यांना खिशात घातलं. शिवणींचा सांगाडा वर धरून ती म्हणाली, "आमच्या सासऱ्यांचं बनियन. मातीनं खाल्लं, अंगावर असताना नव्हे!" सदस्य हसले. ज्यांनी थोरलीपुढे आजवर फक्त कान खाजवला होता, ते अध्यक्ष खुर्ची सोडून आले आणि त्यांनी शिवणीला हळूच बोट लावलं. तिच्या आलेखांना कुणी कधी बोट लावून बघितलं नव्हतं.

मग सल्लागारांनी माईक पुढे ओढला. "दोन्ही कापडं एकाच जातीची आहेत, हे कशावरून?"

"आमच्या शास्त्रज्ञांनी स्वतः तपासलीत," धाकटी म्हणाली आणि थोरलीकडे वळली. त्या नजरेत संशयाचा लवलेश नव्हता.

"तपासलीत ना बाई?" अध्यक्षांनी विचारलं.

थोरलीच्या माईकचा लाल दिवा लागला. हो म्हटलं तर सल्लागार एक धागा मागणार, आणि नाही मागितला तरी कलम खोट्या कापडावर उभं राहणार, आणि वर धाकटी जिंकणार. नाही म्हटलं तर स्वतःचीच नाचक्की.

"नाही," ती म्हणाली. "मला विचारलं होतं. मी न बघताच हो म्हटलं. आज सकाळी बघितलं." तिनं रुमाल उघडून मणी टेबलावर ठेवला. "हे भेसळीचं आहे. पहिलं बनियन खरं आहे, पण तुलना बाद."

सल्लागार मागे रेलून हसले. "मग सातवं कलमही बाद समजायचं का?"

"कलम बनियनावर उभं नाही. माझे आकडे आहेत, मी ते..."

"आकडे राहू द्या हो," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांचा हात कानाकडे निघाला.

तेवढ्यात धाकटी बोलली. "साहेब, बघितलंत ना? आमच्यात चूक झाली तर आमचाच माणूस सांगतो. मग असं करू या. पुढच्या बैठकीआधी प्रत्येक सदस्यानं आपापल्या भागातलं शेत निवडावं आणि आपलं बनियन स्वतः पुरावं. यांच्यासकट!" तिनं सल्लागारांकडे बोट केलं. "कापड मात्र आमच्या ताई तपासतील. आता त्या न बघता हो म्हणायच्या नाहीत."

हशा झाला. एक वयस्कर सदस्य म्हणाले, "माझं पुरलं तर शेत नापीक होईल!" अध्यक्षांनी कान न खाजवता हात खाली घेतला. कलमाचा निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. गाळलं गेलं नाही, पण धरलंही गेलं नाही.

बाहेरच्या पॅसेजमध्ये धाकटी भिंतीला टेकून उभी राहिली. चेहऱ्यावरचं हसू उतरलं होतं.

"सकाळी कळलं होतं. टॅक्सीत मी विचारलं. तरी बोलली नाहीस."

"नाही."

"का गं?"

थोरलीनं पर्सची चेन उगीचच लावली, उघडली. "तू तोंडावर पडावीस असं वाटत होतं."

धाकटी भिंतीपासून सरळ झाली. "आणि?"

"आणि तू पडलीच नाहीस."

धाकटी हसली नाही. पेटी उचलून ती एकटीच पायऱ्यांनी उतरून गेली. थोरली लिफ्टनं खाली आली. परतताना दोघींच्या मध्ये सीटवर पेटी होती.

घरी सासरे दारातच उभे होते. "काय म्हणालं सरकार?"

"एक बनियन परत दिलंय, बाबा," थोरली म्हणाली. "धुतलं की अगदी नव्यासारखं होईल."

"कुठलं? ते टिकाऊ? थोरल्यानं आणलेलं ते. स्वस्तात मिळालं म्हणत होता." त्यांनी समाधानानं मान हलवली. "तुझा नवरा कपड्यात फसत नाही हो सूनबाई!"

दोन दिवस धाकटी तिच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी ती नव्या बनियनांचा गठ्ठा घेऊन थोरलीच्या दारात आली. आत न येता तिनं तो उंबऱ्याशीच ठेवला.

"बघून दे," ती म्हणाली. "आणि अध्यक्षांच्या ऑफिसातून फोन आला होता. बैठकीला बनियनवाल्या बाई, म्हणजे तू, नक्की येणार ना, विचारत होते."

"येणार म्हणून सांग."

थोरलीनं हातातला मसुदा बाजूला ठेवला, उठून गठ्ठा आत घेतला आणि एकेका बनियनाचा धागा ओढून मेणबत्तीवर धरू लागली. बनियनवाल्या बाई म्हणे! प्रत्येक धाग्याची राख होत होती. तरी तिनं एकही बनियन सोडलं नाही. सगळी एकदा झाली, तशी पहिल्यापासून पुन्हा घेतली.