रँडलचं अपग्रेड

रँडल स्टॅम्परने मूठ आपटली आणि काउंटरची काच तडकली. आत ओळीने मांडून ठेवलेले नवेकोरे फोन जागच्या जागी उडाले. पलीकडचा टायवाला माणूस खुर्चीसकट मागे सरकला, पण चेहऱ्यावरचं हसू काही त्याने सोडलं नाही. ते हसू कंपनीने शिकवलेलं होतं, आणि रँडलच्या डोक्यात खरी तिडीक गेली ती त्याच्यामुळेच.

“पुन्हा बघ,” रँडल म्हणाला.

“बघितलं, सर. तुमच्या नंबरचं अपग्रेड ऑगस्टमध्येच वापरून झालंय. आता तुम्ही पात्र व्हाल ते दोन हजार तेराच्या ऑगस्टमध्ये. नियम आहे.”

रँडलने त्याला समजावून पाहिलं होतं. करार दोन वर्षांचा, तो या नोव्हेंबरात पुरा झाला, म्हणजे जवळजवळ फुकटात मिळणारा नवा फोन आज त्याच्या हक्काचा होता. त्यावर टायवाल्याने हसत हसतच सांगितलं की चांगल्या गिऱ्हाइकाला कंपनी तीन महिने आधीच पात्र ठरवते. हे रँडलला कोणी सांगितलं नव्हतं. आत्ताच हवा असेल तर पूर्ण किंमत मोजा, म्हणजे गाड्या ओढायच्या त्याच्या टो ट्रकच्या दोन महिन्यांच्या हप्त्याएवढी. अपग्रेडबरोबर करारही दोन वर्षांनी वाढलेला, तेव्हा दुसऱ्या कंपनीकडे जायचं तर तो मोडल्याचा दंड भरा. या कंपन्यांचं हे असंच असतं बघा, आत यायला पायघड्या आणि बाहेर पडायला काटेरी तार.

“कोणी वापरलं माझं अपग्रेड?”

“ते फक्त खातेदारालाच सांगता येतं, सर.”

खातेदार म्हणजे रँडलची आई, ओपल. फॅमिली प्लॅन तिच्या नावावर, त्यात तीन नंबर. एकाचं अपग्रेड दुसऱ्याच्या नंबरवर फिरवता येतं, फक्त खातेदाराने हो म्हणायला हवं. आणि ओपल स्टॅम्परला आयुष्यात कोणाला नाही म्हणता आलेलं नव्हतं. रँडलने काउंटरवरून हात घालून टाय पकडला, मनगटाला एक वेढा दिला आणि त्या माणसाचं तोंड तडकलेल्या काचेवर दाबलं. हसू गेलं. नाकातून रक्ताची धार लागली आणि ती फोनांच्या किमतीच्या पाट्यांवर ठिबकली.

“डेलमर,” टायवाला घोगऱ्या आवाजात म्हणाला, “डेलमर स्टॅम्परच्या नंबरवर.”

रँडलने त्याला सोडलं. नाव ऐकायच्या आधीच त्याला ते माहीत होतं, आणि म्हणूनच त्याच्या तळपायाची आग मस्तकाला भिडली. डेलमर त्याचा थोरला भाऊ. जाकीट आधी डेलमरला, मग कोपरं फाटली की रँडलला. बूट आधी डेलमरला. बापाची शिकारीची बंदूक डेलमरला, आणि रँडलला ती पुसायचं काम. बापाला खाणीने गिळलं त्याला बारा वर्षं झाली, तरी घरातली रीत काही बदलली नव्हती.

पण जाकीट वेगळं आणि हे वेगळं. रँडलचं पोट त्या फोनवर चालायचं. डोंगरातल्या वळणांवर गाडी घसरली, ट्रक खोल गटारात गेला, की शेरीफच्या पोलीस ऑफिसातून टोवाल्याला फोन जातो. यादी ठरलेली, पाळी ठरलेली. ज्याची पाळी त्याला फोन लागतो, आणि तो उचलला नाही की काम पुढच्याला. असं तीनदा झालं की नाव यादीतून कायमचं कटाप. रँडलचं दोनदा झालं होतं. त्याचा फोन म्हातारा झाला होता, बॅटरी फुगून पाठीचं झाकण उचललेलं, काच तडकलेली. वाटेल तेव्हा वाजायचा, वाटेल तेव्हा मुका व्हायचा. कोणी फोन करून गेलं हे तासाभराने सांगायचा. दोन्ही वेळा यादीतले पुढचे टोवाले, एस्टेप बंधू, जाऊन काम उचलून आले आणि वाटेत रँडलच्या राहत्या ट्रेलरसमोर हॉर्न वाजवून गेले.

म्हणून तर तो नोव्हेंबरची वाट बघत होता. जेवताना फोन ताटाशेजारी, झोपताना छातीवर. लाइन मोकळी राहावी म्हणून तो कोणाला उलटा फोनही करत नसे. आईचे चुकलेले कॉल दिसायचे, बहुतेक रविवारचे. जेवायला बोलावत असेल, घेवडा आणि मक्याचा पाव केला असेल, असं म्हणून तो सोडून द्यायचा. आईशी बोलत बसलो आणि नेमका शेरीफचा फोन आला तर, हे भूत त्याच्या मानगुटीवर बसलं होतं.

दुकानातून निघाला तो थेट आईच्या घरी. डेलमर तिच्याकडेच राहायचा. वाट एकेरी, एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला ओढा. अंगणात डेलमरची लाल पिकअप उभी होती. रँडलने टो ट्रक उलटा घेतला, मागचा आकडा त्या पिकअपच्या पुढच्या दांड्यात अडकवला आणि साखळी ताणली. पिकअपचा बंपर कडकडून वाकला, दिवे फुटले. फोन नेलास तर मी गाडी नेतो, असा त्याचा साधा हिशोब होता. ओढलेल्या पिकअपसकट त्याचा ट्रक वाटेच्या तोंडाशी थांबला आणि दोन्ही गाड्या मिळून वाट पार बुजून गेली.

आवाज ऐकून डेलमर बाहेर आला. एका हातात बेसबॉलची बॅट, दुसऱ्या हातात तो फोन. काळा, चकचकीत, अंगठ्याच्या डागांनी भरलेला.

“ए बारक्या, डोकं फिरलंय का तुझं?”

“माझं अपग्रेड चोरलंस तू.”

“चोरलं कसलं? आईने हो म्हटलं. एकाच्या खात्यातनं दुसऱ्याने घ्यायचं, घरोघर चालतं ते. तू कुठे येत होतास विचारायला?”

रँडल सरळ चालून गेला. पहिला फटका डेलमरचा. बॅट खांद्यावर बसली आणि रँडलचा डावा हात कोपरापासून बोटांपर्यंत मेला. तरी त्याने उजव्या हाताने डेलमरचं मनगट धरलं, पिरगाळलं आणि फोन खाली पाडला. टाचेखाली घेऊन त्याने तो चिरडला, एकदा नाही, काच पीठ होईपर्यंत. डेलमर ओरडला तो कळ लागल्यासारखा, आणि बॅट आडवी फिरवून त्याने रँडलच्या बरगड्यांवर मारली.

दोघं चिखलात पडले. लहानपणी याच अंगणात ते असेच लोळायचे, पण तेव्हा कोणी दात पाडायला मारत नसे. डेलमर अंगाने जड. त्याने गुडघा रँडलच्या पोटावर रोवला आणि ठोसे लगावले. रँडलचा ओठ फाटला, डोळा बंद झाला, एक दात जिभेवर आला. तो त्याने थुंकला, आणि थुंकताना हाताला लोखंड लागलं. ट्रकच्या पायरीवरून पडलेली टायर काढायची टॉमी होती ती.

पहिला घाव डेलमरच्या गुडघ्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज रँडलला स्वच्छ ऐकू आला, आणि खरं सांगायचं तर त्याला तो आवडला. वर्षानुवर्षांची जाकिटं, बूट, बंदूक, सगळं त्या आवाजात वसूल झाल्यासारखं वाटलं. डेलमर घराच्या पायरीकडे सरपटत गेला. श्वास लागलेला, चेहरा पांढराफटक पडलेला.

“थांब, अरे थांब. माझा जुना फोन तुझ्यासाठीच ठेवलाय. चांगला चालतो. आत ड्रॉवरमध्ये आहे. आईने सांगितलं नाही तुला?”

“खोटारडा साला. ऑगस्टपासून सुचलं नाही आणि आता हाड मोडल्यावर सुचलं होय?”

“आईला विचार. आईशप्पथ, विचार तिला.”

रँडलने विचारलं नाही. जुना हा शब्द तेवढा त्याच्या कानात गेला. पुन्हा जुनाच, पुन्हा याचं उतरलेलंच. त्याने टॉमी उचलली आणि फिरवली. ती डेलमरच्या कानाच्या वर बसली. डेलमरचं डोकं सिमेंटच्या पायरीवर आपटलं आणि तो तिथेच आडवा झाला. कानातून रक्त यायला लागलं, आधी थेंब थेंब, मग ओघळ.

ओपल दारात उभी होती. पीठ लागलेले हात तिने पुढे धरले होते. रँडलला आतापर्यंत तिच्याकडे बघायचं सुचलंच नव्हतं, आणि आता बघवेना.

“डेलमर,” तो वाकून म्हणाला. “ए डेलमर, ऊठ.”

डेलमर उठला नाही. छाती हलत होती, पण श्वास घरघरत होता. रँडलचा राग एकाएकी उतरला आणि त्याच्या जागी नुसती भीती उरली. त्याने स्वतःचा फोन काढला. तातडीच्या मदतीचा ९११ लावायला नऊ दाबला तर पडदा तिथेच गोठला. पुन्हा दाबला, पाठीवर थापा मारल्या, शिव्या घातल्या. एकचा आकडा काही केल्या उमटेना. डेलमरचा फोन चिखलात भुगा होऊन पडला होता, आणि तो भुगा त्यानेच केला होता.

ओपल आत गेली. ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एक फोन होता, डेलमरचा जुना, कडेने घासलेला. तिचा स्वतःचा बॅटरी संपून पडला होता. त्यात कनेक्शन नव्हतं, पण ९११ ला कनेक्शन लागत नाही, जिवंत बॅटरी लागते. बॅटरी पूर्ण भरलेली होती. पहिल्याच फटक्यात फोन लागला. तिने पत्ता सांगितला, मुलगा पायरीवर पडलाय, डोक्याला लागलंय, लवकर या म्हणाली. कोणी मारलं ते तिने सांगितलं नाही.

मग ती डेलमरजवळ बसली, त्याच्या कानाला एप्रन दाबून धरला, आणि रँडलकडे न बघता बोलली.

“दर रविवारी चार्ज करून ठेवते मी हा. तू आलास की तुझा नंबर यात घालून घ्यायचा म्हणून. दर रविवारी तुला फोन करते. येऊन घेऊन जा म्हणायला. तू उचलत नाहीस. मला वाटलं, रागावलायस.”

रँडल चिखलात बसला आणि रडायला लागला. फाटक्या ओठातून रडणंही धड येत नव्हतं. ओपलने त्याला गप्प केलं नाही. तिचे दोन्ही हात अडकलेले होते.

आधी आला शेरीफचा डेप्युटी. बदलून आलेला, या भागात नवा माणूस. अंगण एकदा बघितलं आणि त्याला सगळं कळलं. रँडलने हात स्वतःहून मागे केले. डेप्युटीने त्याचे खिसे तपासले, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकला आणि त्याला घेऊन दोन्ही गाड्यांना वळसा घालून वाटेवर उभ्या असलेल्या आपल्या गाडीत मागे, जाळीआड बसवलं. पिशवी त्याने पुढे काचेशी ठेवली. तेवढ्यात अँब्युलन्स आली आणि खालीच अडकली. साखळीने जखडलेल्या दोन गाड्या आडव्या, एका बाजूला दरड, दुसऱ्या बाजूला ओढा. माणसं स्ट्रेचर घेऊन पायी वर धावली.

“किल्ली?” डेप्युटीने विचारलं.

किल्ली मारामारीत चिखलात कुठेतरी गेली होती. रँडलने तसं सांगितलं. डेप्युटीने रेडिओ उचलला आणि वाट मोकळी करायला टो ट्रक ताबडतोब पाठवा असं कळवलं. कंट्रोलरूमच्या बाईने विचारलं, जखमी कसा आहे. “वाईट आहे,” डेप्युटी म्हणाला. “वेळ घालवू नका.”

“यादीत पाळी कोणाची ते बघते,” ती म्हणाली.

पुढे काचेशी ठेवलेली पिशवी थरथरली आणि फोन वाजायला लागला.

खणखणीत वाजत होता, गेल्या कित्येक महिन्यांत वाजला नव्हता असा. तडकलेल्या पडद्यावर शेरीफच्या ऑफिसचा नंबर उजळला होता. डेप्युटीने तो वाचला. मग आरशातून त्याने रँडलकडे पाहिलं, पुढे उभ्या टो ट्रकच्या दारावर रंगवलेलं नाव पाहिलं, आणि त्याच्या ध्यानात आलं.

“उचला,” रँडल म्हणाला. “एस्टेपना पाठवा म्हणावं, पण लवकर. भाऊ आहे माझा.”

“पुरावा आहे तो. हात लावता येत नाही. नियम आहे.” डेप्युटीने रेडिओचं बटण दाबून पाहिलं, पण बाई फोनवर गुंतलेली होती. तिला नियमाप्रमाणे शेवटच्या रिंगपर्यंत थांबणं भाग होतं.

रँडलने कपाळ जाळीवर टेकलं. इतकी वर्षं ज्या आवाजासाठी तो जगला, तो थांबावा म्हणून त्याने देवाची करुणा भाकली. फोन आपल्या वेळेनेच थांबला.

“पहिला उचलत नाहीये,” रेडिओवर बाई म्हणाली. “तिसऱ्यांदा झालं त्याचं. काढून टाकते. एस्टेपना सांगते, पण ते पलीकडच्या डोंगरावर आहेत.”

पण अँब्युलन्सची माणसं थांबली नव्हती. स्ट्रेचर डोक्याच्या उंचीवर धरून ती टो ट्रकच्या आणि दरडीच्या फटीतून अंग घासत खाली येत होती. एका वळणावर स्ट्रेचर तिरकं झालं आणि डेलमरचा हात बाहेर लोंबला. तो कोणी आत घेतला नाही. रँडल त्या हाताची बोटं हलतात का ते बघत राहिला. मागून ओपल चालत होती. एप्रन लाल झालेला, आणि मुठीत तो चार्ज केलेला फोन. रँडलच्या बाजूच्या काचेपाशी ती क्षणभर थांबली. मग फोन तिने एप्रनच्या खिशात टाकला आणि अँब्युलन्सकडे गेली.