ऑपरेशनची थैली

उपासनेत पाळकसाहेब म्हणाले:

आजची दुसरी थैली आपल्या काचवालेभाऊंच्या ऑपरेशनसाठी. डोळे मिटू या.

थैली कशी फिरते:

काळ्या मखमलीची, लांब दांड्याची. पहिली फेरी चर्चच्या खर्चाची, दुसरी कुणाच्या तरी गरजेची. गरज कोणती ते आधी मोठ्यानं सांगायचं आणि पैसा त्याच कामाला लावायचा. हात घालताना मूठ वळलेली हवी. मुठीत नोट असो, नाणं असो की नुसती हवा असो, मूठ ती मूठ. डोळे सगळ्यांचे मिटलेले. कुणी दिलं हे विचारणं वाईट, आणि आपण होऊन सांगणं त्याहून वाईट. सांगणारा माणूस या मंडळीत हलका ठरतो. एरवी थैली काचवाला स्वतः फिरवायचा. त्या रविवारी त्याची बहीण फिरवत होती. ती म्हणाली, दांडा हाताला जड लागला.

म्हणजे भरपूर जमलं.

आणि मग डॉक्टर:

"ऑपरेशन करण्यात अर्थ नाही. कारखान्यात काचेची भुकटी आयुष्यभर फुप्फुसात गेलीय. ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं घ्या आणि घरी न्या. मशीन नसेल तर इथंच राहू द्या."

इथंच म्हणजे लांबलचक वॉर्ड, शेजारच्या खाटेवर रात्रंदिवस कुणाला तरी शिव्या देणारा म्हातारा, आणि पडद्याला इतरांच्या आजाराचा वास. काचवाल्यानं बायकोची बाही धरली. बोलायला दम पुरत नव्हता, म्हणून एकेक शब्द निवडून बोलला.

"मला. घरी. ने."

ती लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करते. मशीनचं भाडं विचारून आली तेव्हा तिला आपला पगार आठवला आणि थोडं हसू आलं. पण थैली होती ना.

चर्चमागची खोली. बायको, नणंद, पाळकसाहेब, खजिनदार. खजिनदाराचं औषधांचं दुकान आहे. माणूस सरळ, इतका की त्याच्याशी भांडायला कुठं धरावं कळत नाही.

"वहिनी, पैसे आहेत. कपाटात आहेत."

"मग द्या ना."

"ऑपरेशन ठरलं की त्याच दिवशी."

"ऑपरेशन होणार नाही."

"तिथंच तर अडलंय."

नणंद म्हणाली, "म्हणजे आधी माझ्या भावाला चिरायचं. मेला तरी चालेल, पण चिरायचं."

"आक्का, असं नका बोलू," पाळकसाहेब म्हणाले.

"मी कुठं बोलतेय? तुमचं कपाट बोलतंय."

खजिनदारानं चष्मा पुसला. "छपराच्या पैशातून गालिचा आणला होता एकदा. आठवतं? अर्धी मंडळी सोडून गेली. सख्खे भाऊ एकमेकांच्या मयताला आले नाहीत. तेव्हा ठरलं, सांगितलं त्याच कामाला पैसा. नाहीतर देणाऱ्याला विचारायचं. त्या ठरावाला पहिला हात काचवाल्यांचाच होता."

"मग विचारा देणाऱ्यांना," बायको म्हणाली.

देणारे कोण, हे देवाला ठाऊक. आणि देव काही मीटिंगला येत नाही, असं नणंद पुटपुटली.

शेवटी पाळकसाहेबांनीच वाट काढली. त्यांचे डोळे पाणावले होते. हे लिहायला हवं, कारण त्यांचं मन खरंच चांगलं आहे.

रविवार.

"ज्यांनी ज्यांनी भाऊंच्या ऑपरेशनसाठी दिलं, आणि ज्यांची ते पैसे मशीनला वापरायला हरकत नाही, त्यांनी हात वर करा. सगळ्यांचे डोळे मिटलेले. फक्त मी बघणार."

कुणीतरी खोकलं.

बायकोनं डोळे उघडले. असं करायचं नसतं, तिनं केलं. सगळीकडे मिटलेल्या पापण्या. पुढच्या बाकावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंचा हात मांडीवरून उठला, कॉलरपर्यंत गेला, कॉलर सारखी केली आणि खाली आला. शिक्षकांच्या कपाळावर घाम होता. बसड्रायव्हरनं दोन्ही हातांनी बाकाची कडा अशी धरली होती, जणू गाडी उतारावर आहे. लहानपणापासून या सगळ्यांना एकच शिकवलेलं होतं. द्यावं आणि कळू देऊ नये. हात वर करणं म्हणजे मी दिलं म्हणणं, तेही भर उपासनेत, पाळकसाहेबांसमोर. प्रत्येकाला वाटत असणार, बाकीचे करतीलच. आपल्या एका हातानं काय अडणार आहे.

तिला ओरडावंसं वाटलं. तिनं हात वर केला.

कारण तिनंही त्या थैलीत पैसे टाकले होते. थंडीच्या बुटांसाठी ठेवलेले.

नंतर खोलीत:

"एक हात होता," पाळकसाहेब म्हणाले.

"माझा."

"किती टाकले होते, वहिनी?" खजिनदारानं विचारलं.

तिला मोठा आकडा सांगता आला असता. कपाटातले सगळे माझेच, असंही म्हणता आलं असतं; खोटं ठरवणारं कुणी नव्हतं. तिनं खरं सांगितलं. का, ते तिला अजून कळलेलं नाही.

त्यानं तेवढे काढले, नीट दुमडून तिच्या हातात ठेवले. "तुमचे तेवढे सुटले."

"वा," नणंद म्हणाली. "स्वतःचं लुगडं स्वतःलाच आहेर. वाजवा घंटा."

पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी नवी थैली फिरवली, मशीनसाठी, स्पष्ट शब्दांत. नणंदेला दांडा हलका लागला. ज्यांनी आधी दिलं होतं त्यांना वाटलं, आता दुसऱ्यांची पाळी. मुठी सगळ्यांच्या आत गेल्या, नेहमीसारख्याच अदबीनं.

वॉर्ड. शिव्या देणारा म्हातारा झोपला होता. काचवाला जागा.

"काय. झालं?"

तिनं सुरुवातीपासून सांगायला घेतलं. हात वर करायला सांगितले तिथवर येऊन थांबली.

"किती. हात?"

"होते बरेच."

त्यानं मास्क बाजूला सरकवला. ती नको म्हणाली तरी सरकवला. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी काहीतरी उजळलं होतं.

"खोटं. बोलतेस. एकही. नसणार."

ती त्याची चादर सारखी करू लागली.

"आपली माणसं," तो म्हणाला आणि दम घ्यायला थांबला. "तशी. नाहीत. मेली. तरी. मिरवणार नाहीत."

अभिमान होता तो. ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला हवा होता त्याचा राग. वाटेत बसमध्ये तिनं तो मनात योजून ठेवला होता: हा चिडेल, मी समजूत घालीन, मग दोघं मिळून रडू. आता रडणारी ती एकटीच उरली, आणि त्याच्यासमोर तेही बरं दिसलं नसतं.

"अहो, मास्क लावा."

"तू. दिलेस?"

तिनं मान हलवली. नाही, अशी. ठरवून नाही, मान आपोआपच तशी हलली.

त्याला पटलं. त्यानं तिचा हात थोपटला, तू बरोबर वागलीस असं सांगितल्यासारखा, आणि मास्क लावून घेतला.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, घरी कधी.

"उद्या बघू," ती म्हणाली. नर्स दिवे मालवत येत होती. बाहेरच्यांनी निघायची वेळ झाली होती.