माझा चौथा पाय आणि सरलाबेनचा फ्लॉवर

मित्रांनो, मी एक जुना नेमबाजीचा बेंच आहे. जुना म्हणजे वयाने नव्हे, वैतागाने. वयाने म्हणाल तर मी अजून तसा कोवळाच आहे. पण एवढ्या काळात मला जितके घासले, पुसले, रंगवले, पूजले आणि वर नावेही ठेवली, तितके शाळेतल्या बाकाच्या वाट्याला साऱ्या जन्मात येत नसेल.

नेमबाजीचा बेंच म्हणजे काय, ते आधी सांगतो. टेबल आणि बसायची फळी एकाच सांगाड्यात जोडलेली असते. माणूस फळीवर बसतो, कोपरे टेबलावर टेकतो, रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवतो आणि नेम धरतो. बेंचाने फक्त हलायचे नाही. एवढे एकच काम मला होते, आणि तेही मला धड करू दिले नाही!

न्यूझीलंडमध्ये पुकेकोहे नावाचे गाव आहे. तिथली माती तांबडी, मऊ आणि भाजीपाल्याला फार मानवणारी. या गावात धैर्यशील आणि कल्याणी यांच्या गॅरेजमध्ये मी जन्मलो. दोघे मूळचे पुण्याचे. कल्याणी औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट आहे. धैर्यशील इंजिनीअर आहे, भाज्या धुऊन पॅक करणाऱ्या यंत्रांची देखभाल करतो. सुट्टीच्या दिवशी क्लबात जाऊन कागदी चकत्यांवर नेम धरायचा त्याला छंद. रीतसर परवाना आहे, रायफल लोखंडी कपाटात कुलूपबंद असते. त्याच्या हातात कसब नाही असे मी म्हणणार नाही. त्याला फक्त सुरुवात करता येत नाही.

मी जन्माला आलो तो सरलाबेनमुळे. सरलाबेन या शेजारच्या रस्त्यावरच्या गुजराती बाई. नवसारीहून लग्न होऊन इथे आल्या आणि नवऱ्याच्या बरोबरीने मळ्यात राबल्या. नवरा गेला तशी बाकीची जमीनही हळूहळू गेली. आता एकच तुकडा उरला आहे आणि त्यात त्या फ्लॉवर लावतात. ऑगस्टमध्ये त्यांनी रोपे लावली आणि वसंताची चाहूल लागताच सशांची पिलावळ कुंपणाखालून आत शिरली. रोज सकाळी एखादी ओळ मुळापासून कुरतडलेली. या देशात ससा हा काही गोष्टीतला गोजिरवाणा प्राणी नाही. बाहेरून आणलेला, बेसुमार वाढलेला आणि शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणणारा प्राणी आहे.

सरलाबेन धैर्यशीलकडे आल्या. त्या हिंदी, गुजराती आणि इथली इंग्रजी एकाच वाक्यात बोलतात. म्हणाल्या, "बेटा, तेरे पास रायफल है. थोडा आके मार दे ना. मेरा सन बोलता है, मम्मी, ये फसल गई तो जमीन छोड़ दो. भाड़े पे दे दो."

"नक्की, सरलाबेन," धैर्यशील म्हणाला. "एक बेंच बना लेता हूँ, फिर आता हूँ."

झाले! तिथून माझा जन्म आणि सरलाबेनचा छळ एकदमच सुरू झाला.

घरामागच्या लाकडी ओट्याच्या, म्हणजे डेकच्या, जुन्या फळ्या त्याने उपटल्या आणि मला बनवायला घेतले. वास्तविक एका शनिवारात मी उभा राहिलो असतो. पण हा गडी इंजिनीअर! फळ्या एकदा घासल्या, मग बारीक कागदाने घासल्या, मग त्याहून बारीक. कडा गोल केल्या. पातळी दाखवणारी पाणसळ बसवली. कोपरांसाठी गाद्या लावल्या. चहाच्या कपासाठी खोबण पाडली. माझ्या अंगावर वार्निशचे हात चढू लागले, आणि पुकेकोहेच्या ओल्या हवेत ते वाळायला दिवसच्या दिवस लागू लागले.

कल्याणी येता-जाता टोमणे मारायची. "अरे धैर्यशील, जमिनीवर पालथं पडून नेम धरता येत नाही का? त्या बिचाऱ्या वाट बघतायत."

"पाठ धरते गं माझी. आणि काम करायचं तर प्रॉपर करायचं ना!"

"सशांना सांगितलंयस का हे? म्हणजे तेही प्रॉपर थांबतील."

मी मनात तिला शंभर वेळा हो म्हटले. पण फळीचे कोण ऐकतो?

आता माझ्या मुख्य दुखण्याकडे येतो. माझ्या नकाशात तीन पाय होते. पुढे दोन आणि मागे, बसायच्या फळीखाली, एक. तीन पायांची वस्तू उंचसखल जमिनीवर डगमगत नाही, हे धैर्यशीलला पक्के ठाऊक होते. त्याने तीन पाय लावले आणि मी छान उभा राहिलो. तेवढ्यात त्याची आई, नीलिमाताई, चहा घेऊन गॅरेजमध्ये आल्या. त्या पुण्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या.

"अरे, तीनच?"

"आई, तीनच लागतात. तीन असले की हलत नाही."

"आपण पानात तीन पोळ्या वाढत नाही. तिघं मिळून कुठे निघत नाही. आणि तू बंदूक घेऊन ज्याच्यावर बसणार, त्याला तीन पाय?"

धैर्यशीलने कागद काढून आकृती दाखवली. नीलिमाताईंनी ती पाहिलीसुद्धा नाही. त्या एवढेच म्हणाल्या, "तुझे बाबाही त्या दिवशी तिघंच निघाले होते गाडीतून."

त्या अपघातातून बाबा परतले नव्हते. धैर्यशीलने आकृतीची घडी केली आणि माझ्या पुढच्या दोन पायांच्या मधोमध चौथा पाय ठोकला. तोही नुसता ठोकला नाही, डिंक भरून, बोल्ट आवळून, वर लाकडी गुट्टी मारून बसवला. गॅरेजची फरशी सपाट, त्यामुळे तिथे मी अगदी शहाण्यासारखा उभा राहिलो. शेजारीपाजारी बघायला आले, "स्वीट अ‍ॅज, मेट!" म्हणजे "झकास, दोस्ता!" म्हणून पाठ थोपटून गेले. कल्याणीने मापाचे कव्हर शिवले. माझे फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेले. आणि या सगळ्या कौतुकाच्या आठवड्यांत सरलाबेनचे फोन येत होते. "बेटा, आज और दो लाइन खा गए." धैर्यशील प्रत्येक वेळी म्हणायचा, "बस, एक कोट बाकी है."

शेवटी मुहूर्त ठरला तो दसऱ्याचा. इथे दसरा वसंतात येतो. सीमोल्लंघनाला याहून चांगला दिवस कोणता, असे नीलिमाताई म्हणाल्या. कल्पना वाईट नव्हती. पण ससे पहाटे बाहेर येतात आणि आमच्या घरी पहाटे पूजा मांडली होती. करवत, पाने-पक्कड, ड्रिल, कल्याणीचा लॅपटॉप, सगळे पाटावर बसले. रायफल नियमाप्रमाणे कुलपात, म्हणून तिच्या वाटचे हळदकुंकू मला. इथे वसंतात झेंडू कुठला? त्याच्या जागी कॅलेंड्युलाच्या फुलांची माळ घातली. मग प्रश्न निघाला की पूजलेले हत्यार त्या दिवशी वापरतात का. नीलिमाताईंनी विचार करून निकाल दिला, "बेंच हत्यार नव्हे, आसन आहे. चालेल." आरती, प्रसाद, पुन्हा चहा. निघताना तिघेच होते, म्हणून नीलिमाताईंनी चौथी म्हणून पर्समध्ये एक सुपारी टाकली. माझा जीव नुसता कासावीस होत होता.

मळ्यावर पोहोचलो तेव्हा ऊन चांगले वर आले होते. तरी नशीब, ससे अजून होते! टेकडीच्या पायथ्याशी, फ्लॉवरच्या ओळींच्या टोकाला, निवांत बसून खात होते. मागे टेकडीचा बांध, म्हणजे गोळी कुठे भरकटायची भीती नाही. धैर्यशीलने मला नांगरलेल्या तांबड्या मातीवर ठेवले. आणि मी डुगडुगलो.

डुगडुगणारच! माझ्या पोटाखाली मातीचा उंचवटा, त्यावर तो मधला पाय टेकलेला, आणि बाजूचे दोघे आळीपाळीने अधांतरी. धैर्यशीलने मला इकडे सरकवले, तिकडे सरकवले, पुठ्ठा घातला, पुठ्ठा मातीत रुतला. त्याने नेम धरला, श्वास घेतला, त्याबरोबर मी कलंडलो आणि गोळी बांधात. पुन्हा नेम, पुन्हा बांधात. ससे थोडे लांब गेले आणि परत येऊन खाऊ लागले. त्यांनासुद्धा आमची दखल घ्यावीशी वाटली नाही. अंगावर वार्निश, कपाळाला कुंकू, गळ्यात माळ आणि उपयोग शून्य! मित्रांनो, लाकडाला रडता येत असते तर मी त्या मळ्यात रडलो असतो.

तेवढ्यात सरलाबेन गमबूट घालून आमच्या मागच्या वाटेने आल्या. माझ्या गळ्यातली माळ बघून त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. नीलिमाताईंना म्हणाल्या, "आओ बेन, मेरा खेतर दिखाऊँ." दोघी ओळींमधून चालू लागल्या. रस्त्याकडच्या बाजूला रोपे नव्हतीच. नुसते कुरतडलेले बुडखे, एकामागून एक, कुंपणापर्यंत. सरलाबेन वाकून एखादा बुडखा उपटत होत्या आणि मातीत हात पुसत होत्या.

"ये साइड तो गई," त्या म्हणाल्या. "वो साइड में थोड़ा है. मेरे हसबंड ने पहले यही टुकड़ा लिया था. इसीलिए छोड़ने का मन नहीं होता, बेन."

नीलिमाताई परत आल्या तेव्हा त्यांच्या साडीचा काठ मातीने माखला होता. धैर्यशील माझ्याखाली आणखी पुठ्ठा सारत होता.

"धैर्या, काप तो पाय."

"राहू दे आई. बघतो ना मी काहीतरी."

"काप म्हणते ना! भीती वाटते ती मला वाटते. त्यात या बाईंचं शेत का जावं?"

कल्याणी म्हणाली, "आई, पण करवत पूजेत आहे आपली."

"मग यांची आणा."

सरलाबेनच्या शेडमधली गंजकी करवत आली. एवढ्या बोल्टांनी आणि डिंकाने बसवलेला पाय सहज कसा निघेल? धैर्यशील घामाघूम झाला. मला दुखले, खोटे कशाला बोलू? नीलिमाताई माझ्या टेबलावर हात ठेवून उभ्या होत्या. शेवटपर्यंत त्यांनी तो उचलला नाही. पाय खाली पडला, आणि मी त्या ओबडधोबड मातीत प्रथमच ठाम उभा राहिलो. तिन्ही पाय मातीत रुतले, पाणसळीतला बुडबुडा जागेवर गेला. काय सांगू तुम्हाला, मी किती सुखावलो!

धैर्यशील बसला. नेम धरला. मी हललो नाही. पहिला ससा जागीच पडला. नीलिमाताईंनी तोंड फिरवले, हात मात्र जोडले. त्यानंतर धैर्यशीलने तिथून हलायचे नाव घेतले नाही, आणि पुढचे कित्येक आठवडे कामावर जायच्या आधी तो पहाटे येऊन माझ्यावर बसत राहिला. मला मळ्यातच ठेवले होते. कव्हर घरी राहिले. हळूहळू ससे विरळ झाले, आणि उरलेल्या रोपांना गड्डे धरले.

डिसेंबरात सरलाबेनने फ्लॉवर काढला. पहिला मोठा गड्डा त्यांनी धैर्यशीलच्या हातात दिला. तो खूष होऊन म्हणाला, "बच गया ना, सरलाबेन?"

"आधा बचा, बेटा," सुरी धुता धुता त्या म्हणाल्या. "ऑगस्ट में आते, तो पूरा बचता."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. गड्डा पाटीत ठेवून धैर्यशील पुढची ओळ काढायला वाकला.

सरलाबेनच्या मुलाने आईपुढे एक पाऊल मागे घेतले. सगळी जमीन सोडायची नाही, निम्मी सोडायची, असे ठरले. रस्त्याकडची बाजू दुसऱ्याला कसायला गेली आणि मधे नवे कुंपण आले. मी त्या कुंपणालगत उभा असतो. सरलाबेन अजून रोज येतात, त्यांच्या बाजूच्या ओळी खुरपतात, कधी दमल्या तर माझ्यावर बसतात. कुंपणापाशी पोहोचल्या की जुन्या सवयीने त्यांचे पाऊल पुढे पडते. मग त्या थांबतात, तारेला हात लावतात आणि मागे फिरतात. हे मला दिवसातून किती वेळा बघावे लागते, ते तुम्हाला काय सांगू!

म्हणून मित्रांनो, वैतागून का होईना, एक विनंती करतो. आम्हा वस्तूंना जपा, घासा, पुसा, हवे तर माळ घाला. पण कोणी मदतीला हाक मारली, तर आधी जाऊन या. आम्ही कुठे पळून जात नाही.